पाट साफ करा

माझे वडील पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला, कधी आणि किती वेळ सोडायचं, हे बघणारा सरकारी माणूस म्हणजे पाटकरी. आमच्या घरात दिवस उजाडायचा तोच ‘पाटाला पाणी आलं का?’ या प्रश्नाने. पाट तुंबला, पाट फुटला, पाटावर दोन भावांची जुंपली, हे ऐकतच मी मोठी झाले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्याला माझ्याकडे दुसरी सबब नाही.

मी स्वतः शेतकीची पदवीधर. पदवी हातात पडली आणि वर्षाच्या आत रेल्वेतल्या माणसाशी लग्न झालं. मग तीस-बत्तीस वर्षं बदल्या. प्रत्येक बदलीत माझं प्रमाणपत्र त्याच पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच शालीखाली, गावोगाव हिंडलं. आता गेली चार वर्षं आम्ही कोलकात्यात आहोत. यांचं ऑफिस गार्डन रीचला, आणि आम्ही राहतो बालीगंजला, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. शेती म्हणून माझ्याकडे बाल्कनीत सात कुंड्या होत्या. त्यातल्या दोन कायम मेलेल्या.

स्वभावाने मी काळजीखोर आहे. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून दोनदा परत येणारी. आणि माझ्या काळजीची गंमत अशी, की ती बाहेर पडताना राग होऊन पडते. यांना यायला उशीर झाला की मी खिडकीत उभी राहून काळजी करते आणि बेल वाजली की दारातच भांडते. हे मुकाट्याने चपला काढतात आणि म्हणतात, ‘म्हणजे आज फारच काळजी केलीस.’

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई दक्षिणेकडच्या लक्ष्मीकांतपूर लाइनवरून येते. पहाटेची लोकल पकडून बालीगंजला उतरते आणि चार घरचं काम करून दुपारी परत जाते. अशा बाईला इथे ‘माशी’ म्हणतात, म्हणजे आपली मावशी. पहिले आठ दिवस तिला ‘ए माशी’ अशी हाक मारताना मला कसंसंच व्हायचं. ती मला ‘बौदी’ म्हणते, म्हणजे वहिनी.

माझी बंगाली तेव्हा जेमतेम होती. यांच्या वाढदिवसाला औक्षणासाठी पाट हवा होता, तो माळ्यावर धूळ खात पडला होता. आदल्या दिवशी मी माशीला तोडक्यामोडक्या बंगालीत सांगितलं, ‘काल पाट लागबे.’ बंगालीत काल म्हणजे उद्यासुद्धा, एवढं मला नुकतंच कळलं होतं, त्यामुळे मी खूश होते. दुसऱ्या दिवशी माशीने पिशवीतून हिरव्यागार कोवळ्या पानांची जुडी काढून ओट्यावर ठेवली. बंगालीत पाट म्हणजे ताग. तागाच्या पानांची इथे भाजी करतात. यांचं औक्षण सोफ्यावर बसवूनच झालं आणि जेवायला तागाची भाजी. माशी पदर तोंडाला लावून हसत होती. तर हा शब्द मला माहीत होता, असं समजा. चांगला माहीत होता.

माशीला एक मुलगी आहे, वीस वर्षांची. नवरा गेला त्यानंतर माशीच्या वाट्याला एक बिघा जमीन आली, म्हणजे आपल्याकडचे तेरा गुंठे. मुलीने गावातल्या दहा पोरापोरींना गोळा करून त्या जमिनीवर एक क्लब काढला. बंगालमध्ये क्लब गल्लोगल्ली असतात, पण ते फुटबॉलचे आणि दुर्गापूजेचे. यांचा शेतीचा. मुलगी त्याची सेक्रेटरी. माशीने एकदा पोळ्या लाटता लाटता मला विचारलं, ‘बौदी, मिरचीची पानं आकसतात ती का?’ मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न आला. महिन्याभरात प्रश्न थेट मुलीच्याच फोनवरून यायला लागले, फोटोंसकट आणि ‘काकिमा’, म्हणजे काकू, अशा हाकेसकट. आणि एका रविवारी मी बालीगंज स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभी होते.

त्या क्लबात गेल्यावर मला काय झालं ते सांगता येत नाही. पत्र्याची एक खोली, भिंतीवर पंचायतीच्या कृषिमेळाव्यात दोडक्याच्या दुसऱ्या नंबराबद्दल मिळालेलं घड्याळ, ते वीस मिनिटं पुढे. फुटक्या टाकीत गांडूळखत. मडक्यांमध्ये कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं बी, आणि प्रत्येक मडक्यावर खडूने लिहिलेलं, कुणाच्या घरचं. अकरा जण माझ्याकडे बघत होते. बत्तीस वर्षांत मला शेतीतलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी परत येताना लोकलमध्ये उभ्यानेच रडले.

मी त्यांना एक वही घालून दिली. चार रकाने: तारीख, काम, कुणी सांगितलं, का. ‘का’ लिहिल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही, असा माझा दंडक. पोरं कंटाळायची, पण लिहायची.

आता अडचण काय होती ते सांगते. माशीचा थोरला दीर त्याच गावात राहतो. आजूबाजूला लोकांनी शेतं खणून माशांची तळी केली आहेत, तशी त्याला हीही जमीन खणायची होती. जमीन माशीची, पण बांध सामाईक, पाणी सामाईक आणि शब्द त्याचा. वर्षाच्या सुरुवातीला तो म्हणाला, ‘पोरांचा खेळ एक वर्ष बघतो. पूजेच्या वेळी मला इथे उभं शेत दिसलं पाहिजे. पडीक दिसलं तर तळं.’ एकदा तळं खणलं की ती माती परत शेत होत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि माशीलाही. माशीने बांगड्या चढवाव्यात तसं मनगट चोळत ‘बरं’ म्हटलं.

वैशाखात पोरांनी अर्ध्याहून जास्त जमिनीत ताग पेरला, उरलेल्यात मिरची, भेंडी आणि मांडवावर दोडका. श्रावणात ताग काढायचा, मग लगेच फ्लॉवरची रोपं, म्हणजे पूजेला शेत हिरवं, असा बेत. बेत माझा होता. ताग डोक्याच्या वर गेला तेव्हा मुलीने त्यात उभं राहून फोटो पाठवला, नुसता वर केलेला हात दिसत होता. मी तो फोटो यांना दिवसातून चारदा दाखवला.

आषाढातला गुरुवार. मोबाइलवर इशारा आला: उपसागरात कमी दाबाचा पट्टा, शनिवारपासून जोरदार पाऊस. शेताच्या कडेने पाणी वाहून नेणारा नाला होता आणि तो जलपर्णीने गच्च भरलेला मी गेल्या रविवारी स्वतः पाहिला होता. पाणी तुंबलं तर मिरची एका दिवसात सडणार. मी फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला आणि कट झाला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा माझा आवाज आधीच चढलेला होता.

‘पाटटा आजकेई साफ कोरे फेलो!’ मी म्हणाले.

पाट आजच साफ करून टाका.

नाला हा शब्द मला येत होता. मराठीतही नालाच. पण घाबरले की माझी बंगाली गळून पडते आणि खाली जे उरतं ते वडिलांच्या घरातलं असतं. मुलगी म्हणाली, ‘आजच, काकिमा?’

‘आजच!’

‘पण का, काकिमा?’

मीच शिकवलं होतं तिला हे विचारायला. आणि मी काय म्हणाले, तर ‘पाऊस काय तुझं का ऐकून थांबणार आहे? आधी काम, मग का!’ आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. ‘झाला का पाट साफ?’ ‘झाला काकिमा. अकरा जण होतो, चारलाच संपलं.’ आवाज दमलेला होता, पण खूश. मी शाबासकी दिली. त्या रात्री मला गाढ झोप लागली, हे आठवलं की अजून स्वतःची चीड येते.

सकाळी माशी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तागाच्या पानांची भलीमोठी जुडी बाहेर काढली. ‘कापलाच आहे, तर म्हटलं बौदीला भाजी न्यावी.’

मी त्या जुडीकडे बघत राहिले. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला, एवढं आठवतं. ‘सगळा?’ मी विचारलं. ‘सगळा,’ माशी म्हणाली. ‘सगळी वस्ती विचारत होती, एवढा कोवळा का कापला? मी सांगितलं, आमची बौदी शिकलेली आहे, तिने सांगितलंय म्हणजे काहीतरी कारण असणार.’

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. ‘माशी, चूक झाली’ एवढे तीन शब्द, तेही बंगालीत येत होते. मी म्हणाले, ‘भाजीत लसूण जरा जास्त घाल.’

शनिवारी पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. बाल्कनीतल्या कुंड्या भरून वाहत होत्या आणि मी खिडकीपाशी उभी राहून मनातल्या मनात नाल्यातली जलपर्णी उपसत होते. सोमवारी मुलीचा फोन आला. मिरची गेली. भेंडी निम्मी गेली. दोडका मांडवावर होता म्हणून वाचला. ‘आमचीच चूक, काकिमा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही ताग कापायला सांगितलात, त्याच वेळी आम्हाला नाला सुचायला हवा होता. आम्ही ताग कापत बसलो.’

ती माझी माफी मागत होती! मी म्हणाले, ‘असू दे, असू दे.’ म्हणजे मी तिला चक्क माफ केलं.

यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, ‘सांगून टाक.’ मी उसळले, ‘तुम्हाला काय जातंय बोलायला? माशीची जमीन जाईल. पोरांचा विश्वास जाईल.’ हे म्हणाले, ‘जमीन तुझ्या गप्प बसण्याने राहणार आहे का?’ मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली. खरं कारण यांना कळलं होतं आणि मलाही. बत्तीस वर्षांनी कुणीतरी मला शेतीतलं विचारत होतं, आणि ते मला गमवायचं नव्हतं.

असे दहा दिवस झाले. माशी रोज यायची आणि काहीतरी सांगायची. ताग तळ्यात भिजत घातला, धागा बारीक निघतोय, लोक हसतायत. दीर सकाळी शेताच्या कडेला उभा राहून पावलांनी लांबी मोजत होता. तळ्याची लांबी, हे तिने सांगायची गरज नव्हती. आणि रोज शेवटी एकच प्रश्न: ‘बौदी, रिकाम्या जमिनीत आता काय करायचं ते पोरं विचारतायत. तू काहीतरी योजलं असशील ना?’ मी म्हणायची, ‘सांगते, सांगते.’ फ्लॉवरच्या रोपांना अजून वेळ होता आणि मोकळं शेत पावसात नुसतं तणाने भरत होतं. रात्री कूस बदलताना मला वहीचा तो चौथा रकाना दिसायचा.

रविवारी मी गेले. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी बसवेना. क्लबाच्या खोलीत सगळे जमले होते, माशीही आली होती. मुलीने नेहमीसारखी वही माझ्यापुढे सरकवली. ‘काकिमा, त्या दिवसाचं एवढं राहिलंय.’

तारीख होती. काम: पाट साफ करणे. कुणी सांगितलं: काकिमा. का: कोरा. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पेन घेतलं आणि लिहायच्या आधी बोलले. हिंदी, बंगाली, मराठी, जे तोंडात आलं त्यात. माझे वडील पाटकरी होते इथपासून. आमच्याकडे पाट म्हणजे पाण्याची वाट. मला नाला साफ करायला सांगायचं होतं. ताग कापायला मी सांगितलंच नव्हतं. मी घाबरले होते, आणि तू विचारलंस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं पुढे पुढे पळत होतं. मी माशीकडे बघायचं टाळत होते, पण शेवटी बघितलं. मला वाटलं, तिला औक्षणाची जुडी आठवेल आणि ती पदर तोंडाला लावून हसेल. ती हसली नाही.

‘कधी कळलं तुला, बौदी?’

‘तू पानं आणलीस त्याच सकाळी.’

तिने बोटं मोजली. ‘ताग गेला तो जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘ती जिभेची चूक. पण हे दहा दिवस? पोरं तुझ्या तोंडाकडे बघत बसली होती, बौदी. शेजारच्यांचं भात लावून होत आलं.’

आणि ती उठून बाहेर गेली. एवढं खरं मला आजवर कुणी तोंडावर सांगितलं नाही. यांनीसुद्धा नाही.

मुलगी मात्र खाली वहीकडे बघत होती. मग तिने मान वर केली. ‘म्हणजे पुढचं काही ठरलेलं नाहीये?’

‘नाही.’

‘काहीच नाही?’

‘काहीच नाही गं.’

‘मग आम्ही ठरवतो,’ ती म्हणाली. आणि अकराच्या अकरा जण एकदम बोलायला लागले. बंगाली इतकं भराभर, की मला फक्त एकच शब्द परत परत ऐकू येत होता: धान. भात. ताग ठरल्या वेळी निघाला असता तर भाताची लावणी साधलीच नसती, आता अजून साधेल, चार-पाच दिवस हातात आहेत. पण रोपं कुठून आणायची? स्वतःची रोपवाटिका कुणीच टाकली नव्हती. एकाच्या काकाकडे लावून उरलेली रोपं होती. एकीच्या मामाकडे दोन पेंढ्या. कुणी म्हणालं, बांधाबांधावर पडलेली मागून आणू. मी मध्ये काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोपऱ्यात बसून राहिले. मला कुणी हाकलत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

निघताना मी चौथ्या रकान्यात लिहिलं. बंगाली अक्षरं मला नीट येत नाहीत, म्हणून मराठीतच लिहिलं: काकिमाची चूक. मुलीने त्याखाली बंगालीत काहीतरी लिहिलं, ते मला वाचता आलं नाही.

पुढचे पाच दिवस माशी कामाला आली नाही. मी पोळ्या जाळल्या, हे न बोलता खात राहिले. सहाव्या दिवशी माशी आली. नखांत काळा चिखल तसाच होता. आल्या आल्या कणीक मळायला बसली. मळून झाल्यावर म्हणाली, ‘लागलं सगळं. सतरा घरची रोपं आहेत. कुठे उंच, कुठे ठेंगणी, दिसायला अगदी वेडंवाकडं.’ आणि मग जरा थांबून, ‘तू येऊन बघ, बौदी.’

मला लगेच जायचं धाडस झालं नाही. रोज पाऊस बघायचा, मोबाइल बघायचा, माशीचा चेहरा बघायचा. भाद्रपदात आठवडाभर पाऊस नव्हता तेव्हा मी ऊन बघून कासावीस व्हायची. एकही सूचना मात्र पाठवली नाही. ते मला किती जड गेलं ते यांना विचारा.

महालयाच्या दिवशी, म्हणजे पूजेच्या तोंडावरच्या सर्वपित्री अमावास्येला, गेले. शेत हिरवं होतं. सतरा घरचं भात, खरंच वेडंवाकडं, पण सगळं वाऱ्यावर एकाच बाजूला झुकत होतं. थोरला दीर बांधावर उभा होता. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पायाखालची माती चपलेने दाबून पाहिली आणि म्हणाला, ‘थाक.’ राहू दे. एवढंच म्हणून तो गेला. माशी बांधावरच खाली बसली आणि तिने मनगट चोळायचं थांबवलं.

पूजा आटोपली आणि दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मोबाइलवर पुन्हा तोच इशारा आला, उपसागर, कमी दाब. फोन हातात घेतला, ठेवला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढावं म्हणून पेन शोधत होते, तेवढ्यात फोनच वाजला. मुलगी होती. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

‘काकिमा, पाऊस येतोय. आम्ही पाट साफ करायला निघालोय,’ ती म्हणाली. ‘कुठला पाट?’ मी ओरडलेच. ‘तुमचा पाट, काकिमा. आमचा नाही.’